धर्मेंद्रभाऊंच्या गाडीचा वारा

मोहाडीचे धर्मेंद्र निनावे म्हणजे विणकराच्या घरात चुकून जन्मलेला फिरस्ता. बापजाद्यांनी मागावर बसून जन्म काढला, यांचं बूड मात्र एका जागी टिकत नाही. साड्यांचं दुकान रविवारी बंद आणि टूरिंगची मोठी मोटारसायकल सुरू. भाऊ बुटके, त्यामुळे आधी गाडी दिसते, मग भाऊ, आणि मागे करुणावहिनी.

तीन वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी हर्षा नागपूरच्या होस्टेलात तापानं दोन दिवसांत गेली. त्यानंतर यांचं फिरणं उलट वाढलं. वहिनीच गाडी काढायला लावायच्या. लोकांनी नावं ठेवली. मीही ठेवली, खोटं कशाला बोलू?

भंडाऱ्यात माझं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. चैत्रात भाऊ आले.

"चंदनभाऊ, मागं तुमच्या वहिनीले वारा लय लागते. घरी आली का डोकं धरून बसते. काही इलाज करा."

मी पुढच्या काचेच्या वरच्या कडेला डिफ्लेक्टर बसवला. वीतभर पारदर्शक पट्टी, दोन चिमटे, मध्ये रबर. दोनदा कोन बदलला तेव्हा वारा डोक्यावरून जाऊ लागला. स्वतः मागे बसून पाहिलं, कानाशी वाऱ्याचा आवाजच नाही. मी माझ्यावरच खूश झालो.

पुढच्या सोमवारी भर दुपारी वहिनी एकट्याच बसनं आल्या. चेहरा पार उतरलेला.

"ते काढा जी भाऊ. माझी पोरगी बोलून नाही राहिली."

"कोण?"

"हर्षा. गाडीनं वेग घेतला का कानाजवळ येते. मेसचं सांगते, मैत्रिणीचं सांगते. काल नाकाडोंगरीपर्यंत गेलो, एक शब्द नाही. आता तिले कुठं शोधू?"

हेल्मेटमध्ये वारा घुसला की तसे आवाज होतात, असं मी समजावू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वारा मले आई म्हणते का, भाऊ?"

मी भाऊंना फोन करून सगळं सांगितलं.

भाऊ आधी माझ्यावरच चिडले. पण वहिनींनी जेवण सोडलं, तेव्हा रविवारी दोघं गाडी घेऊन आले. मी पट्टी काढली. ते तुमसरच्या रस्त्यानं एक फेरी मारायला गेले.

तासाभरानं परतले. वहिनी हसत उतरल्या. भाऊ गाडीवरच बसून राहिले.

"बोलली," वहिनी म्हणाल्या. "बाबाले एकच विचारून राहिली, का तापात त्या संध्याकाळी मी तीनदा फोन केला, काहून उचलला नाही?"

एवढं सहज सांगून त्या पाणी प्यायला आत गेल्या.

भाऊंनी हेल्मेट काढलं. "मी गाडीवर होतो, चंदन. घरी जाऊन करतो म्हटलं, अन् विसरलो. सकाळी तिले शुद्ध नव्हती. हे मी कोणालेच नाही सांगितलं. करुणालेही नाही."

त्यांनी माझ्या हातातली पट्टी ओढून घेतली. "बसवून दे. आत्ता. पाया पडतो तुझ्या."

मला फार भीती वाटली, आणि त्यांची दयाही आली. मी पाना शोधू लागलो, तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या आणि मागे जाऊन बसल्या.

"चला जी. काय सांगायचं ते तुमीच सांगा तिले. ती थांबून राहिली."

भाऊंनी हेल्मेट पुन्हा चढवलं. मग पट्टी माझ्या हातात परत दिली आणि गाडी सुरू केली.