यंत्राने टाकलेला तांदूळ

मावशीची परीक्षा ठरलेली. तांदळाचा दाणा पुढच्या दातांत धरायचा, कुट्ट करून फोडायचा आणि निकाल द्यायचा: "वला हाय रं, नाय टिकनार." आमच्या पनवेलच्या भातगिरणीत शेठसुद्धा या निकालापुढे बोलत नसत. तोंडात दात उरलेले मोजून चार. "दोन गिरनीचं, दोन माजं," म्हणायची.

सगळे तिला मावशीच म्हणत; ती तांदूळ निवडायला उरणकडून एसटीने यायची. मजुरी आणि पदरात बांधून नेण्यापुरती कणी, एवढ्यावर ती आणि आईबापाविना दोन नाती जगायच्या.

दोन हजार दहाच्या पुढेमागे कॅमेऱ्याने खडा हेरून हवेने उडवणारं यंत्र आलं. शेठच्या डोक्यात ते मीच भरवलं. मी तिथला मिस्त्री, नव्या यंत्राचं भारी वेड! निवडणाऱ्या साऱ्या बाया एका दिवसात घरी गेल्या. कणीही वेगळी निघून कोंबड्यांच्या खाद्याला जाऊ लागली.

ही मात्र दुसऱ्या दिवशी हजर. यंत्र खडे टाकतं तिथे सूप घेऊन बसली.

"मावशी, आता काम नाही इथं," मी म्हणालो.

"तुजी मशीन येडी हाय. जरा डाग दिसला का चांगला तांदूलबी फेकते. तो तरी मना नेऊ दे."

शेठ म्हणाले, बसू दे. वर्षभर तिच्या घरी त्या टाकलेल्या दाण्यांचा भात शिजला.

मग शेठ कुरकुरले, माल वाया जातोय. मी दोन दिवस खपलो आणि टाकलेला माल पुन्हा यंत्रातून फिरेल अशी जोडणी केली. शेठनी पेढे वाटले. मी, मूर्ख, फुशारलो. तिची आठवणसुद्धा झाली नाही हो मला!

यंत्रांनी गरिबी हटते म्हणतात. असेल बुवा. तुमच्या-माझ्या घरी आज तांदूळ न निवडता शिजतो, ही सोय मी नाकारत नाही. माझ्या डोळ्यांसमोर जे झालं तेवढं सांगतो.

नवी जोडणी चालू झाली त्या दिवशी तिने सूप भरलं, पाखडलं, पुन्हा भरलं. दुपारपर्यंत ढीग संपला. हाती आले नुसते खडे. तिने मला हाक मारली. वाटलं, आता शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"शिकली रं तुजी मशीन," ती म्हणाली. "एक दाना चुकत नाय."

खरंच कौतुकाने म्हणाली. मग रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोचली आणि एसटी धरायला निघाली. पुन्हा आली नाही.

ती जोडणी सोडवायला एक पाना पुरला असता. मी पाना हातात घेतला नाही.