सहा ‘उर्फ’ असलेली मुलगी

ती केस आजही आठवली की आधी हसू येतं, मग मान जरा खाली जाते. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. जव्हार-मोखाडा भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो.

एका सकाळी हजेरी संपता संपता बाजारातला सायबर कॅफेवाला आत आला आणि इकडेतिकडे बघत त्याने एक झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवली. पोशेऱ्याची एक मुलगी त्याच्याकडे नेटवर बसायला यायची. तिने काउंटरवर विसरलेल्या वहीतलं ते पान होतं. वर तिचं नाव आणि खाली ओळीने: उर्फ नागली, उर्फ वरई, उर्फ उडीद, उर्फ तूर, उर्फ खुरासणी, उर्फ मिरची.

“साहेब, टोळी आहे,” तो म्हणाला.

पोलिसाच्या डोक्यात ‘उर्फ’ म्हटलं की पुढे गुन्हाच येतो. एक उर्फ असला तर पाकीटमार, दोन असले तर घरफोड्या. सहा मी बापजन्मात पाहिले नव्हते. त्यात या मुलीची शिक्षणसेविका म्हणून निवड झाली होती आणि तिच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच सहीसाठी पडून होता. सोमवारी तो घेऊन कामावर हजर झाली नाही, तर नेमणूक रद्द. मी कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि तिला बोलावून घेतलं.

ती वडिलांसोबत आली. मी आवाज चढवून विचारलं, “सहा नावं कशाला लागतात गं तुला?”

ती बोलायच्या आत वडीलच उठले. “सायेब, पोरीचा नाव एकच हाय. मीच ठेवलाय. नागली आमचे शेतात हाय, घरात कोनाचा नाव नाय.”

मुलगी मात्र शांत होती. “ते ई-मेलचे पत्ते आहेत, साहेब. माझ्याच नावापुढे बेरजेचं चिन्ह आणि एक शब्द. टपाल सगळं एकाच पेटीत येतं. अशा पत्त्याला इंग्रजीत एलियस म्हणतात आणि डिक्शनरीत एलियसला उर्फ दिलंय, म्हणून तसं लिहिलं. ज्याला पत्ता द्यायचा, त्याला वेगळा शब्द. नाशिकच्या एका क्लासला नागली दिला. महिन्याभरात नागलीला परदेशी लॉटरी लागली. म्हणजे पत्ता क्लासनेच वाटला. आता नागलीला येईल ते सरळ कचऱ्यात.”

मला काडीचंही कळलं नाही, पण तसं चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. “दाखव,” म्हणालो आणि ठाण्याची लिखापढी बघणाऱ्या रायटर हवालदाराला घेऊन सगळी वरात कॅफेवर नेली.

आम्हाला बघताच कॅफेवाला खुर्च्या पुसायला लागला. बराच वेळ फोनची लाइन कुरकुरली, मग एकदाची ती पेटी उघडली. सर्वांत वरचं पत्र रायटरने मोठ्याने वाचलं, “डिअर मिरची, टक्कल पडतंय का? आमचं तेल वापरा.” सगळ्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं. मी टोपी घातली.

“हा मिरचीचा पत्ता कोणाला दिला होतास?”

ती पहिल्यांदाच अडखळली. वडिलांनी कोपराने ढोसलं, तेव्हा म्हणाली, “तुमच्या ठाण्याला, साहेब. पडताळणीच्या फॉर्मवर. दुसऱ्या कोणालाच नाही.”

मी रायटरकडे पाहिलं. तो घाम पुसत म्हणाला, “आपलं झेरॉक्स मशीन बंद आहे ना, साहेब. फॉर्म इथेच पाठवतो.”

मग आम्ही दोघांनी मिळून कॅफेवाल्याकडे पाहिलं. कबुलीला पाच मिनिटंही लागली नाहीत. तो त्या तेलाच्या साखळी योजनेत शिरला होता आणि झेरॉक्सला आलेल्या कागदांवरून पत्ते उतरवून घेत होता. आदल्याच दिवशी मुलीने त्याला सहज विचारलं होतं, “पोलीस ठाण्याची झेरॉक्स तुमच्याकडेच होते का?” तेवढ्यावर त्याची गाळण उडाली आणि तिने तक्रार करायच्या आत तोच आमच्याकडे धावत आला. मी त्याला सगळ्यांदेखत असा काही झापला की शेजारचा वडेवाला दुकान सोडून ऐकायला आला. रायटरची पाळी ठाण्यात परतल्यावर आली.

कागदावर मी त्याच दुपारी सही केली. देताना न राहवून विचारलं, “पण आम्हालाच मिरची का गं?”

“धान्यं संपली होती, साहेब,” ती म्हणाली. खरं बोलली की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

नोकरीत मी शेकडो लोकांच्या चारित्र्याची पडताळणी केली. आपली कोणी करत असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या कागदावर मी लिहिलं, ‘आक्षेपार्ह काही आढळले नाही.’ त्या दिवशी माझ्याच ठाण्याबद्दल हे वाक्य लिहायला कोणी सांगितलं असतं, तर माझा हात उचलला गेला नसता.