झाडणीचा मंत्र

उंबऱ्याबाहेर उभी राहून ती पदर खोचायची आणि आधी विचारायची, “काय ऱ्हायाचं असंल तर आत्ताच सांगा. मागनं माज्या हातात न्हाई.”

पलूसला आमच्या आळीत झाडणीचा मंत्र एकट्या तिच्याकडे होता. माण तालुक्याकडची बाई, नवरा मुंबईला गिरणीत, मंत्र सासूने दिलेला. तुमच्याकडेही अशी कुणी येत असेल तर ठाऊकच असेल. ती पुटपुटू लागली की आढ्याची जळमटं, चुलीमागची काजळी, कोपऱ्यांतली धूळ आपोआप उठून अंगणात ढिगाला लागायची. मात्र सुरू केलेला मंत्र मध्ये तोडायचा नाही. तोडला तर तो जिभेवरून कायमचा जातो.

एकदा माझी धाकटी जाऊ आपल्या हातांवरच्या मेंदीचं सांगायला विसरली आणि काजळीबरोबर मेंदीही गेली. जाऊ रडू लागली. बाईने मंत्र पुरा केला, मग स्वतः पाला वाटून तिचे हात रंगवायला बसली. नक्षी इतकी वाकडी आली की जाऊच हसायला लागली. “मला पुसायचं म्हाईत, काडायचं न्हाई,” बाई ओशाळून म्हणाली.

लढाईच्या दिवसांत आमच्या शेजारणीचा एकुलता मुलगा पलटणीत गेला. उंच पोर. घरात शिरताना चौकटीला हात टेकून वाकायचा. गुऱ्हाळावरून आलेला तो काळा, चिकट हात रोज एकाच जागी टेकून तिथे पंजा उमटला होता.

मग तार आली. शेजारीण बोलेनाशीच झाली. बाराव्याच्या आदल्या दिवशी तिच्या दिराने घर झाडायला बाईला बोलावलं. बाईने नेहमीचं विचारलं. काही ठेवायचं नाही, सगळं काढ, असं दीरच म्हणाला.

मी ओसरीवर होते. मंत्र सुरू झाला, धूळ उठली. तेवढ्यात शेजारीण आतून धावत आली आणि टाचा उंचावून तिने त्या पंजावर आपला हात दाबून धरला. तिच्या बोटांच्या फटींतून काळं सुटायला लागलं होतं.

बाई मध्येच थांबली. उठलेली सगळी धूळ आमच्या डोक्यांवर खाली आली. दीर चिडून बोलत राहिला. बाईने नुसते ओठ हलवून पाहिले. पहिले दोन शब्द आले, पुढचे आले नाहीत.

“गेला,” ती मला म्हणाली. मग डोक्यावरची धूळ झटकत, “तुमच्यात केरसुणी हाय का?”

केरसुणी तिने आयुष्यात धरली नसावी. अख्खं घर झाडायला दिवस गेला, खोकून बेजार झाली. चौकटीपाशी मात्र गेली नाही. दिवस कलताना शेजारणीने तिच्या हातावर पाणी घातलं आणि तार आल्यापासून पहिल्यांदा बोलली, “बस. भाकरी खा.”

आळीने पुढे दुसरी मंत्रवाली शोधली. ही शेजारणीकडेच केरवारा करत दोन वर्षं राहिली. मग नवऱ्याने मुंबईला बोलावून घेतलं. तिला पोचवायला आम्ही दोघी सडकेपर्यंत गेलो. मोटार निघाली, फुफाटा उठला. मी तोंडाला पदर लावून मागे सरले. शेजारीण तशीच उभी राहिली, धूळ पार खाली बसेपर्यंत.