एका हाकेला दोघी

फ्रिमेतच्या नातीचं नाव फ्रिमेतच आहे. नाव ठेवलं त्या दिवशी झेलिगच्या, म्हणजे फ्रिमेतच्या नवऱ्याच्या, बहिणींनी कपाळाला हात लावला. "आजी धडधडीत जिवंत आहे, आणि तिचं नाव? जिवावर उठलात का तिच्या?" फ्रिमेत कोपऱ्यात बसून साखरेतले बदाम चघळत होती. म्हणाली, "मीच ठेवायला लावलंय. का, ते लुनामावशीला विचारा."

लुनामावशी म्हणजे मी. घ्या, बसल्या जागी माझ्यावर ढकललं! सांगते.

आम्ही बल्गेरियातल्या प्लोवदिवचे ज्यू. युद्ध संपल्यावर आमची आळीच्या आळी जहाजात बसली ती इस्राएलात याफोला उतरली. काही वर्षांनी शेजारच्या खोलीत हे जोडपं राहायला आलं. झेलिग गिलावा करायचा. माणूस भला, पण भिंतीपेक्षा अबोल. फ्रिमेतनं अजून विशीही गाठली नव्हती. काटकुळी पोर, घरी बसून शर्टांच्या कॉलरी शिवायची. शिवणयंत्र मात्र भर दारात मांडलेलं.

"अगं, उन्हात काय भाजून घेतेस? आत ओढ की ते," मी म्हणायची.

"इथून फाटक दिसतं," ती म्हणायची.

दुपारी रेडिओवर हरवलेल्या नातलगांची नावं वाचायचे. तेवढा वेळ यंत्र बंद.

मग हळूहळू कळलं. पोलंडमधल्या तिच्या गावात जर्मन लोक ज्यूंना धरून न्यायला लागले, तेव्हा ती आठ वर्षांची होती. आईनं तिला स्तेफा नावाच्या एका धोबिणीच्या घरी, बटाट्याच्या तळघरात लपवलं. "मी हाक मारीन तेव्हाच बाहेर ये," असं सांगून आई गेली, ती गेलीच. त्या स्तेफानं, ज्यू नसूनही, जिवावर उदार होऊन पोरीला दोन हिवाळे सांभाळलं. पुढे रशियन सैन्य आलं, जर्मन पळाले, तरी ही काही वर येईना. "आईनं हाक कुठं मारलीय?" शेवटी स्तेफानं दंडाला धरून ओढून काढलं. त्यानंतर अनाथाश्रम, मग जहाज, मग झेलिग. हे सगळं फ्रिमेत कॉलरी उलटवता उलटवता सांगायची, आवाज जराही न हलवता.

"आई येईल शोधत," ती म्हणायची. कोण कशाला नाही म्हणेल?

तिला मुलगी झाली. मी चीज भरलेल्या बोरेकासचं ताट घेऊन गेले.

"आईचं नाव काय गं तुझ्या?"

"झिसल."

"किती गोड! मग तेच ठेव की पोरीचं."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. ताट माझ्या हातात परत दिलं. "माझी आई मेलेली नाही. तुम्ही जा."

मी तणतणत घरी आले. करायला जावं चांगलं, तर हे! माझा स्वभावही काही साखरेचा नाही, मी बोलणंच टाकलं. इकडे पोरगी बिननावाची. नाव सिनेगॉगमध्ये शनिवारी पुकारायचं असतं. झेलिग दर शनिवारी जायचा आणि तसाच परत यायचा. एकदा भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला, "आईचं ठेव ना, फ्रिमेत. ती नाही आता, तुलाही माहीत आहे."

"एक शब्द बोलू नकोस!" ती ओरडली. मग पोरगी रडायला लागली.

त्यानंतर एका दुपारी माझ्या मुलीनं तेलाची बाटली फोडली. मी अंगणात येऊन ओरडले, "व्हेंतुरा! गाढवे, इकडं ये आधी!"

"मी काय केलं गं? आणि गाढवी कुणाला म्हणतेस?" शेंगा सोलत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. त्याही व्हेंतुराच. आमच्या घरात ही हाक मारली की दोघी ओ देतात.

शेजारचं यंत्र थांबलं. महिनाभरानं फ्रिमेत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "मावशी, दोघींचं नाव एकच?"

"मग? आजीचंच ठेवतात ना."

"आजी जिवंत असताना?"

"जिवंत असतानाच! मेल्यावर ठेवून तिला काय सुख? दुसरं ठेवलं असतं तर सासूबाई वर्षभर माझ्या हातचं पाणी प्यायल्या नसत्या."

"जन्मभर," सासूबाई म्हणाल्या.

फ्रिमेत हळूच म्हणाली, "आमच्यात मेलेल्या माणसाचंच ठेवतात. जिवंत माणसाचं ठेवलं तर त्याचं आयुष्य तुटतं म्हणतात."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आपण ज्यू ज्यू म्हणतो, आणि शेजारणीची एवढी साधी रीत मला ठाऊक नाही! बाळंतिणीच्या दारात उभी राहून मी तिच्या आईला मारून आले होते.

"अगं माझ्या बाई! तुझी आई आहे असं धरूनच मी म्हटलं होतं. आमच्यात तो आईचा मान असतो."

"म्हणजे तुमच्या रीतीनं ठेवलं, तर ती मेली असं होत नाही?"

"मुळीच नाही."

ती खाली बसली आणि पदराआड लपावं तसं हातातल्या कॉलरीत तोंड घालून रडली. मलाही रडू आलं. सासूबाई तेवढ्या शेंगा सोलत राहिल्या.

पुढच्या शनिवारी झेलिग त्यांच्या सिनेगॉगला गेला नाही, आमच्या बल्गेरियन लोकांच्या सिनेगॉगला आला. आमच्या रीतीनं नाव पुकारलं, झिसल.

दुपारी फ्रिमेत दारात येऊन उभी राहिली, फाटकाकडे तोंड करून. आमच्या बायका मारतात तशी खणखणीत हाक मारली, "झिसल!"

आणि थांबली. अंगणात शेंगा सोलणाऱ्या सासूबाईंचेही हात थांबले. फाटकाकडून ओ आली नाही.

मग आत पाळण्यात पोरगी रडली.

"आले गं, आले," म्हणत फ्रिमेत आत गेली.