शाळा सोडण्याचे कारण

आमच्या हायस्कुलाच्या भाऊसाहेबांइतका हट्टी कारकून उभ्या पोलादपूर तालुक्यात दुसरा नाही, आणि हे मी कौतुकाने म्हणतेय असं कुणी समजू नये. त्यांच्यामुळे आम्ही सुनावणी हरलो.

शाळेचा इतिहास विचारा, भाऊसाहेब सन सांगत नाहीत, छप्पर सांगतात. देवळाच्या सभामंडपात आठवीचा एक वर्ग, मग गवत, मग कौलं, मग पत्रे आणि शेवटी मुंबईकर मंडळाने बांधून दिलेला स्लॅब. माणसंही ते छपरावरूनच ओळखतात. "तुझा बापूस कौलातला, तू पत्र्यातली." स्लॅबातली पोरं त्यांच्या मते कच्ची, कारण पत्र्यावरच्या पावसात गुरुजींचं ऐकायची त्यांना सवय नाही. छप्पर पक्कं होत गेलं आणि खालची मुलं आटत गेली, ही प्रगती मात्र त्यांच्या इतिहासात बसत नाही. मी ती शाळा वाचवायच्या पत्रकात छापून महाडच्या चवदार तळ्यावर मार्चच्या गर्दीत वाटली. भाऊसाहेबांनी एक प्रत लाल शाईने तपासून मला परत केली. ऱ्हस्वदीर्घाच्या चार चुका.

ही लाल शाई जिथे हवी तिथे मात्र वापरायची नाही. मूल शाळा सोडून गेलं की रजिस्टरात त्याच्या नावावर लाल रेघ मारायची असते. भाऊसाहेब मारत नाहीत. दाखला देतात, तोही कुरकुरत, आणि 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात स्वतःचं काहीतरी लिहितात. माझ्या दाखल्यावर होतं, 'मुंबईस गेली. येईल.' कॉलेजच्या खिडकीतल्या बाईंनी ते मोठ्याने वाचलं आणि अख्खी रांग हसली. शिकून मी गावी परतले तेव्हा भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलं, माझ्या नावापुढे हजेरीचं टिंब दिलं आणि म्हणाले, "उशीर केलास."

पट कमी म्हणून शाळा बंद करायचं निघालं, तेव्हा महाडला सुनावणी लागली. डोंगरवाडीतल्या मुलींना दोन एसट्या बदलून कुणी पाठवणार नाही, त्यांचं शिक्षण सातवीतच संपणार, हे मी घसा फोडून सांगत होते. शिक्षण खात्याच्या साहेबांनी पट मागितला. भाऊसाहेबांनी रुबाबात रजिस्टर पुढे केलं. त्यात कौलातलेसुद्धा हजर. साहेबांनी विचारलं, ही सगळी मुलं कुठे आहेत?

"मुंबयला हायत."

"मग शाळेत नाहीत."

"शाळेत नायत. शाळेचे हायत."

बोगस पट असा शेरा पडला आणि आमची बाजू तिथेच संपली. परतीच्या एसटीत मी त्यांना वाट्टेल ते बोलले. ते खिडकीतून सावित्रीचं पात्र बघत होते.

शेवटच्या नऊ मुलांचे दाखले लिहायचे होते, त्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. समोर दहावीच्या उंबरठ्यावरच्या एका मुलीचा कोरा दाखला होता. मी म्हटलं, 'शाळा बंद' लिहा, खरं ते लिहा, वाचणाऱ्याला झोंबू दे. भाऊसाहेब बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत बसले.

"पोर कुठं गेली गो? ती तर हितंच हाय."

मग त्यांनी रकान्यात सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, 'शाळा गेली. येईल.'

ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नव्हती. पत्रकांचा गठ्ठा माझ्या काखेत होता. त्या दिवशी मी एकही वाटलं नाही.