माझ्या पोरीची मावशी

मला दोन भाऊ हायत, बहीण न्हाई. त्यामुळं गेल्या सालची ऊसतोड उरकून गुढीपाडव्याच्या तोंडाला घरी आलो आन् पोरगी म्हणली, "आई, मावशीनं मला पंक्चर काढायला शिकिवलं," तवा मी डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवायचंच इसरले. म्हणलं, "कोण मावशी गं? मला ठाव न्हाई आन् तुला मावशी कुठनं आली?"

शिरूरला शाळेच्या मागं एका संस्थेचं पत्र्याचं शेड हाय. शहरातल्या लोकांनी टाकून दिलेल्या सायकली तिथं येतात. त्या दुरुस्त करून वस्तीवरनं चालत येणाऱ्या पोरींना फुकट देतात, शाळा सोडली की परत घेतात. कामाला कुणीबी जावं, पगार न्हाई, हात तेवढे काळे होतात. शेड चालवती ती बाई मूळची बीडची, मास्तरीण व्हती, आता रिटायर होऊन एकटीच राहती. आमी दोघं नवराबायको दिवाळीनंतर उसाला गेलतो, पोरगी सासूजवळ व्हती. शाळा सुटली की ती शेडात जायची. तिथंच तिला ही मावशी घावली.

मंग काय, घरात उठता बसता मावशी. मावशी म्हणती केसाला एवढं तेल चोपडू नको. मावशी म्हणती मोठ्यानं वाचावं. एक दिस मी वांग्याचं कालवण केलं तर पहिला घास खाऊन म्हणती, "आई, थोडा गूळ टाकून बघ की. मावशी टाकती." गूळ! ऊस तोडून तोडून माझी हाडं झिजली आन् ही मला गुळाचं शिकवती! मी तिच्या म्होरनं ताट वढलं आन् परत दिलं. माझ्या अंगाचा निस्ता तिळपापड झालता.

पोरीचा बाप हसायचा. "कावून जळती गं? फुकटात शिकिवती पोरीला."

"तुमाला काय कळतंय!" म्हणलं. त्याला खरंच कळत न्हवतं. पाच महिने माझी पोरगी मला दिसली न्हाई, आन् ते पाच महिने त्या बाईला रोज दिसली. वरनं तिला आमच्या नात्यातलं नाव बी मिळालं.

मंग मी बी शेडात जायला लागले. शिकायला न्हाई, नजर ठेवायला. बाई दारातच म्हणली, "या ताई, या. पोरगी लई बोलती तुमच्याबद्दल." काय बोलली असंल कार्टी, असं मनात आलं. तोंडानं म्हणलं, "काय काम असंल तर सांगा म्याडम."

तिनं मला मागच्या चाकाचा नट आवळायला दिला. मला उसाची मोळी करकचून बांधायची सवय. दिला जोर. कट्कन आवाज आला आन् पाना रिकामाच फिरला. नटाचे आटे गेलते. पोरगी म्हणली, "आगं आई, नट हाय तो, मोळी न्हाई!" आन् दोघी हसल्या. एकदमच हसल्या, मायलेकी हसतात तशा. नट गेल्याचं काही न्हाई, पण ते हसणं मला लई लागलं.

त्या दिसापासनं हट्टाला पेटले. खोटं कशाला बोलू, त्या बाईपेक्षा चांगलं यावं म्हणूनच शिकले. शेतातलं उरकायचं आन् शेडात जाऊन बसायचं. घमेल्यात पाणी घेऊन ट्यूब बुडवायची, बुडबुडे कुठनं येतात ते बघायचं. चाकातले बारके लोखंडी छर्रे रॉकेलात धुवायचे, ग्रीस भरायचं. सगळं आलं, फकस्त आऊट काढणं येईना. चाक फिरताना इकडंतिकडं डुलतं त्याला आऊट म्हणतात. तो काढायचा म्हंजी एका अंगाची तार आवळायची आन् दुसऱ्या अंगाची सैल सोडायची. आवळायला मी पटाईत, पण सोडताना माझा हात आखडायचा. पोरगी मातर तारेवर टिचकी मारून सांगायची कुठली ढिली हाय. कुणी शिकिवलं हे इचारायची सोयच न्हवती.

पोळ्याच्या आसपास एकदाचं माझ्या हातनं चाक सरळ फिरलं. जरा बी डुलंना. पोरगी शेजारीच व्हती. चाक बघितलं आन् टाळी वाजवून वरडली, "मावशी, या की लवकर! आईनं आऊट काढला!" मला वाटलं व्हतं आधी माझ्या गळ्यात पडंल. पडली ती नंतर, मावशीनं 'वा ताई' म्हणल्यावर.

दिवाळी झाली आन् मुकादमाचा निरोप आला, गाडी निघणार. सासूला आता डोळ्यानं दिसत न्हवतं, नणंद तिला मांजरसुंब्याला घेऊन गेलती. पोरगी दहावीला. मी इचारात व्हते तवर तीच म्हणली, "मी मावशीकडं राहते. मी इचारलंय तिला, ती हो म्हणली."

मला इचारायच्या आधी तिला इचारलं! माझ्या डोक्यातच गेलं. "काय नको कुणाकडं. यंदा तू संग चल. फडावर भाकरी थापायला माणूस लागतंय."

तिचा बाप म्हणला, "आगं, तिची शाळा..."

"शाळा गेली खड्ड्यात!"

दुसऱ्या दिशी पोरगी शेडातनं मिळालेली सायकल परत करायला निघाली, मी बी संग गेले. परत आलेली सायकल जो मोकळा असंल तो तपासतो. मीच मोकळी व्हते. बाईनं आमच्याकडं बघितलं आन् आपल्या हातातल्या कामाला लागली. भांडली असती तर बरं झालं असतं, मी तयारीनंच गेलते.

सायकल स्टँडला लावली. चाकं फिरवून बघितली, सरळ. चेनला ताजं तेल, ब्रेक नीट. पोरीनं सगळं आधीच केलतं. मंग तिनं पाना घेतला आन् सीट खाली करायला लागली.

म्हणलं, "आता हे कशाला?"

"आठवीतल्या पोरीला देणार हायत. ती बुटकी हाय, आई. तिचे पाय पोचायचे न्हाईत."

रडत बी न्हवती, रागात बी न्हवती. आपल्या जागी दुसरी पोरगी बसणार, तिची सोय करत व्हती. रडली असती ना, तर दोन दणके देऊन गाडीत घातली असती. पण हे मला बघवंना. तिच्या हातातला पाना हिसकून घेतला, सीट परत व्हती तेवढी वर केली आन् आवळली. बाईकडं न बघताच म्हणलं, "ठिवून घ्या तिला. पण केसाला तेल लावलंच पायजे."

"बरं ताई," बाई म्हणली. "रोज मी सोता लावीन." मला त्याचा बी राग आला.

आता मी फडावर हाय. परवा मोळ्या बांधत व्हते तवा पोरीचा फोन आला. हात पुसला, कानाला लावला. इकडचं तिकडचं बोलली, सराव परीक्षेत बरे मार्क पडले म्हणली. मंग घाईनं म्हणती, "आई, ठिवते गं. आमच्या घरी पाव्हणे आलेत."

आपल्या घरी म्हणली असती तर बंद घराचं कुलूप काढून कोण आत शिरलं म्हणून इचारलं असतं. पण आपल्या न्हाई, ती आमच्या म्हणली.

"बरं," मी म्हणलं, "आधी त्यांना च्या दे."