निळ्या माशाला मीठ

फौजेतली सतरा वर्षं संपवून मी कोरेगावला घरी आलो तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती. सुट्टीत येणारा माणूस एवढीच तिला माझी ओळख. आम्ही एकमेकांना सरावतोय तोवर एका सकाळी तिचे डोळे सुजलेले दिसले. काहीतरी चावलं असेल म्हणून सोडून दिलं. चार दिवसांत पाय सुजले, पोट फुगलं. साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, मूत्रपिंडातून अंगातली प्रथिनं गळून जातायत. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. शाळा सध्या बंद, मीठही बंद.

रोज सकाळी तिची लघवी काचेच्या नळीत घेऊन तापवून बघायची. पांढरट झाली म्हणजे प्रथिनं अजून जातायत. हे काम मी माझ्याकडे घेतलं. ती शेजारी उभी राहायची आणि पांढरं दिसलं की आत निघून जायची.

गोळ्यांनी तिचा चेहरा गोल झाला. शेजारची मैत्रीण खिडकीतून म्हणाली, "केवढी जाड झालीस गं!" त्या दिवसापासून ती पुढच्या खोलीत येईनाशी झाली. गोळी कडू लागायची, ती तोंड घट्ट मिटून घ्यायची. मला माणसांना हुकूम द्यायची सवय, पोरीला समजवायची नव्हती. एकदा आवाज चढवला तर तिनं गोळी थुंकली आणि म्हणाली, "तुमी परत जावा ड्युटीवर."

बायको मला एवढंच म्हणाली, "आवं, ती घाबरलीया."

पुढच्या तपासणीला साताऱ्याला गेलो तेव्हा रस्त्यावरच्या माशांच्या दुकानासमोर ती थांबली. एका बरणीत एकच निळा मासा होता.

"ह्यो एकटाच का?"

"फायटर हाय बाळा," दुकानदार म्हणाला. "दुसऱ्याशी भांडतो. त्याला एकट्यालाच ठेवायचं."

ती बराच वेळ बघत राहिली. मी डॉक्टरीणबाईंना विचारून आलो. त्या म्हणाल्या, "चालेल. पण पाण्यात हात घालायचा नाही, आणि दाणे टाकल्यावर हात साबणानं धुवायचे."

काचेची बरणी पुढच्या खोलीत खिडकीजवळ ठेवली, आणि मुलगी त्या खोलीत परत आली. सकाळी तीन दाणे, संध्याकाळी तीन. पाणी बदलायचं काम माझं, पण हुकूम तिचे. "पप्पा, हळू वता. त्यो घाबरतो." मी हळू ओतायचो. त्या बरणीपाशी आम्ही बोलायला लागलो. तो झोपतो का, त्याला आपण दिसतो का, असलंच काहीतरी. गोळीसाठी मात्र अजून रोज झटापट व्हायची.

मग मासाच आजारी पडला. शेपटीच्या कडा पांढऱ्या पडून झिजल्या, तो तळाशी पडून राहिला. दुखणं सुरू झाल्यापासून सुईलाही न रडलेली ती पोर त्या दिवशी मोठ्यानं रडली. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, रोज थोडं पाणी बदला आणि बरणीत अर्धा चमचा खडेमीठ विरघळवून घाला.

"मीठ?" तिनं विचारलं. "त्याला चालतं?"

तिच्या आईनं वरच्या फळीवरनं मिठाची बरणी काढली. चमचा मुलीनंच भरला. एक खडा तिच्या बोटाला चिकटला. महिनाभर तिनं मीठ चाखलं नव्हतं. तिनं बोटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिनं बोट माशाच्या बरणीच्या काठावर झटकलं. "त्याचं औषध हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी चहा घेत असताना पुढच्या खोलीतून तिचा आवाज आला. "वंगाळ लागलं तरी घ्यायचं. मी बी घेती, बघ." मी डोकावलो. ती बरणीसमोर उभी राहून गोळी गिळत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण गिळली. मी मागच्या मागं स्वयंपाकघरात आलो. बायकोला म्हटलं, "गिळली तिनं."

आठवड्याभरात मासा वर यायला लागला. शेपटीला पातळ, काचेसारखी नवी कड फुटली. तिची नळी मात्र पांढरटच राहिली. रोज बघायची आणि म्हणायची, "त्याला बी वेळ लागला." पुढं दहाबारा दिवसांनी एका सकाळी नळी तापवली आणि आतलं काही बदललंच नाही. मी पुन्हा तापवली.

"पप्पा, पाण्यावाणी हाय," ती म्हणाली.

दुखणं पुढं दोनदा उलटलं. दोन्ही वेळा ती न सांगता गोळ्या घ्यायची. मासा दीड वर्ष जगला. तोवर तिची शाळा सुरू झाली होती आणि मी एका कंपनीत नोकरीला लागलो होतो. एका दुपारी शाळेतून आली तर तो तळाशी निपचित पडलेला. आम्ही दोघांनी त्याला परसात पुरलं. ती रडली, पण जेवली. मी विचारलं, "दुसरा आणू या का?"

तिनं थोडा विचार केला. "नको. माझी शाळा, तुमची कंपनी. त्याच्याकडं दिवसभर बघायचं कुणी?"

आता ती नववीत आहे. दोन वर्षं झाली, गोळी बंद आहे.